मॅच कानांनीही पूर्ण कळते, फक्त नीट ऐकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर मोठ्या मॅचच्या दिवशी एक छोटी चौकट असते, सामना कुठल्या चॅनेलवर आणि कुठल्या अॅपवर बघायचा ते सांगणारी. त्यात एक ओळ वाढवा अशी विनंती आहे: सामना कुठे ऐकायचा. रेडिओवर आहे का, कुठल्या भाषेत आहे, फ्रिक्वेन्सी कोणती, नेटवर नुसता ऑडिओ मिळतो का, एवढंच. आम्हा ऐकणाऱ्यांची पहिली चार-पाच ओव्हर या शोधाशोधीतच जातात, फुटबॉल असेल तर कधीकधी पहिला गोलही जातो.

माझी नजर तिशीनंतर हळूहळू कमी होत गेली, आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. खेळ मात्र सुटला नाही आणि सुटणारही नाही. लोक मायेनं म्हणतात की आम्ही सांगतो ना तुला स्कोअर, पण स्कोअर तर मॅच संपल्यावरही कळतोच की. मला मॅच हवी असते, म्हणजे बॉलर धावत येताना पोटात जे होतं ना ते, आणि ते मला अजूनही तेवढंच होतं. मी डोळ्यांनीही पुष्कळ मॅच बघितल्यात त्यामुळे दोन्हीची तुलना करू शकतो आणि अगदी मनापासून सांगतो, ऐकणं म्हणजे बघण्याचं राहिलेलं उष्टं नाही, त्यात स्वतःचं असं पुष्कळ काही आहे.

क्रिकेटचंच घ्या. स्टंप माइक चालू असेल आणि हेडफोन बरा असेल तर मधोमध बसलेला बॉल आणि बॅटच्या खालच्या टोकाला लागलेला बॉल यांच्या आवाजात इतका फरक असतो की चूक होऊच शकत नाही, पहिला भरीव आणि तुटक, दुसरा पोकळ आणि जरा लांबलेला. पॅडचा आवाज बसका येतो. कीपरच्या ग्लव्हमध्ये बॉल कसा बसला यावरून बॉलरला आज किती जोर आहे ते कळतं. स्पिनर असेल तर कीपरची बडबड वाढते, फिल्डर जवळ आलेत हे त्यांच्या आवाजावरून समजतं आणि फटका मारल्यावर बॅट्समन ‘नो’ म्हणाला की ‘वेट’ म्हणाला यावरून बॉल साधारण कुठे गेला असेल तेही लक्षात येतं. झिंबाब्वेचे डीन डू प्लेसी जन्मापासून अंध आहेत आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटची कॉमेंट्री करतात. स्टंप माइकचा आवाज हेडफोनमध्ये घेऊन बॉलरच्या पावलांवरून आणि बॉल सोडतानाच्या हुंकारावरून कोण बॉलिंग करतोय ते ओळखतात, फटका कुठल्या बाजूला गेला ते आवाजावरून सांगतात. लोक याला चमत्कार म्हणतात, मला ते पटत नाही. वर्षानुवर्षं लक्ष देऊन ऐकलं की कान एवढं शिकतो, आणि हे शिकणं कुणालाही जमण्यासारखं आहे, डोळे असलेल्यालाही.

आणि खेळाडू तरी काय फक्त डोळ्यांनी खेळतात का? २०१६ मध्ये अमेरिकन ओपन टेनिसच्या मोठ्या कोर्टवर नवीन छत आलं, पाऊस पडला की छतावरच्या आवाजानं कोर्ट भरून जायचं, तेव्हा अँडी मरेनं स्पष्ट सांगितलं होतं की आम्ही खेळताना कानही वापरतो, समोरच्याचा फटका ऐकू आला नाही तर बॉलचा वेग आणि स्पिन ओळखणं अवघड जातं. टेबल टेनिसमध्ये बॉलला बारीक चीर गेली तर ती दिसायच्या आधी ऐकू येते. शंभर मीटरच्या शर्यतीत तर सगळी सुरुवातच कानावर असते. लांबच्या लेनमधल्या धावपटूला बंदुकीचा आवाज उशिरा पोचू नये म्हणून प्रत्येकाच्या स्टार्टिंग ब्लॉकच्या मागे स्पीकर लावतात आणि आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत जो निघाला त्याला फॉल्स स्टार्ट देतात, कारण आवाज ऐकून त्याहून लवकर माणूस हलूच शकत नाही असं धरलेलं आहे. माणसाची आवाजावरची प्रतिक्रिया दिव्याच्या इशाऱ्यावरच्या प्रतिक्रियेपेक्षा थोडी लवकर येते हेही खरं आहे, म्हणजे या बाबतीत कान डोळ्यांच्या पुढेच आहेत.

अंपायरचंही तसंच. बॅटची कड लागली की नाही हे कॅमेऱ्यानं ठरेना तेव्हा ॲलन प्लास्केट या इंग्लिश कॉम्प्युटर तज्ज्ञानं स्निकोमीटर काढला, १९९९ मध्ये इंग्लंडच्या चॅनेल फोरनं तो टीव्हीवर आणला आणि आज त्याच कल्पनेवरचं तंत्र थर्ड अंपायर वापरतो. स्क्रीनवर जी उभी रेघ उडते ती आवाजाची असते. लाखो लोक ती टक लावून बघतात, पण निकाल दिलेला असतो माइकनं.

काही खेळांचा तर नियमच ऐकण्याचा आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्यानं दम टिकवायचा, कबड्डी कबड्डी हे शब्द ऐकू येतील असे म्हणत राहायचे, दम तुटला की चढाई गेली. कुणी बाजूला शांतपणे हे ऐकवलं तर बाकी काही सांगावं लागत नाही. सुरुवातीला दम सावकाश असतो, बोनसच्या रेषेकडे गेला की तो घाईचा होतो, पाय पकडला की आवाज ताणतो आणि मग एकतर मधल्या रेषेवर पडल्याचा धपकन आवाज नाहीतर सात जणांचा आरडाओरडा. खो-खोतही पाठीला हात लावून ‘खो’ मोठ्यानं म्हणावं लागतं, नाहीतर तो खो धरत नाहीत, त्यामुळे खो कुठल्या टोकाला पडतायत आणि पळणारा कुठे सापडत चाललाय हे मैदानाच्या कडेला बसून नुसतं ऐकून कळतं. आता टीव्हीवर हे खेळ आले ही फार चांगली गोष्ट झाली पण पाठीमागे एवढं मोठं म्युझिक लावतात की दमच ऐकू येत नाही. माझी कळकळीची विनंती आहे की चढाई चालू असताना ते म्युझिक बंद ठेवा, दम हा त्या खेळाचा प्राण आहे हो.

आता कॉमेंट्रीबद्दल, कारण आमचा मुख्य आधार तोच. आपल्याकडे याला धावतं समालोचन म्हणायचे. ५ ऑगस्ट १९२१ ला अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए रेडिओवर हॅरोल्ड आर्लिन यांनी बेसबॉलची पहिली मॅच सांगितली. जानेवारी १९२७ मध्ये बीबीसीनं आधी इंग्लंड-वेल्स रग्बी आणि आठवड्याभरानं आर्सेनल विरुद्ध शेफिल्ड युनायटेड हा फुटबॉल सामना ऐकवला. दोन्ही वेळी माइकवर टेडी वेकलम होते. त्या वेळी त्यांच्या समोर एका अंध माणसाला बसवलं होतं आणि याला मॅच समजावून सांग असं वेकलमना सांगितलं होतं. मला हे फार मोठं वाटतं, म्हणजे त्या देशात खेळाची कॉमेंट्री जन्मली तेव्हाच तिचा पहिला श्रोता आमच्यातला होता. मैदानाचे आठ चौकोन पाडून त्याचा नकाशा बीबीसीच्या रेडिओ टाइम्स या साप्ताहिकात छापला होता, लोक तो समोर ठेवून ऐकायचे आणि दुसरा माणूस मधूनमधून चौकोनाचा नंबर सांगायचा. आजही कुणाही कॉमेंटेटरनं यातून शिकावं, कारण बॉल कुठे आहे हे आधी कळलं नाही तर पुढचं सगळं हवेत राहतं.

१९३८ मध्ये इंग्लंडमध्ये ॲशेस चालू होती, ऑस्ट्रेलियाच्या एबीसीनं स्टुडिओत बसून तारेनं येणाऱ्या मजकुरावरून अख्खी कॉमेंट्री केली, लाकडावर पेन्सिल आपटून बॅटचा आवाज काढला, टाळ्यांच्या रेकॉर्ड वाजवल्या आणि लोक रात्र रात्र जागून ऐकत बसले. श्रोत्यांना ही युक्ती माहीत होती तरी ऐकत होते. बॅटचा आवाज नसेल तर मॅच मॅचसारखी वाटत नाही हे त्या लोकांना तेव्हाच कळलं होतं.

अमेरिकेतले बेसबॉलचे कॉमेंटेटर रेड बार्बर माइकजवळ तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचे, अंडी उकडायला वापरतात तसलं. ते रिकामं झालं की स्कोअर सांगायचा आणि उलटं करायचं, कारण नुकताच कुणीतरी रेडिओ लावलेला असणार. किती साधी गोष्ट आहे ही! आज मी मॅच लावतो आणि दोन-दोन ओव्हर बाहेरच्या गप्पा चालू असतात, किती बाद किती झाले तेच कळत नाही, कारण तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात असतो आणि सांगणाऱ्याला वाटतं तो सगळ्यांना दिसतोय.

विन स्कली यांनी तर डॉजर्स या बेसबॉल संघासाठी १९५० ते २०१६ कॉमेंट्री केली. तो संघ १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला गेला आणि त्यांना खेळायला भलं मोठं कोलिसियम मिळालं, लांबच्या सीटवरून नीट दिसायचं नाही म्हणून लोक मैदानात ट्रान्झिस्टर घेऊन यायचे. मॅच डोळ्यासमोर चालू आणि कानाला रेडिओ! म्हणजे चांगली कॉमेंट्री डोळस माणसालाही हवी असते, ती आमच्यावर उपकार म्हणून करायची गोष्ट नव्हे. आणि हेच स्कली ८ एप्रिल १९७४ ला हँक ॲरननं ७१५ वा होम रन मारून बेब रुथचा विक्रम मोडला तेव्हा बराच वेळ गप्प बसले, लोकांचा जल्लोष ऐकू दिला. कधी बोलायचं नाही हे कळणं मला बोलण्याइतकंच मोठं वाटतं.

आपल्याकडचं एकच सांगतो. १५ मार्च १९७५, क्वालालंपूर, हॉकी वर्ल्डकपची फायनल, भारत २ पाकिस्तान १. आकाशवाणीवर हिंदीत जसदेव सिंग होते. अशोककुमारचा विजयी फटका गोलच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला लागून बाहेर आला, पाकिस्ताननं गोल झाला नाही म्हणून वाद घातला आणि अंपायरनं गोल दिला. ही मॅच देशातल्या बहुतेकांनी बघितलीच नव्हती, ऐकली होती, आणि त्या पिढीतली माणसं आजही तो गोल समोर बघितल्यासारखा सांगतात. हॉकी इतका वेगवान खेळ, बॉल या स्टिकवरून त्या स्टिकवर जातो, बाजू बदलते, तरी जीभ बॉलबरोबर ठेवायची म्हणजे केवढी मेहनत असेल.

टीव्ही आला आणि नियम उलटा झाला. जे दिसतंय ते सांगू नका, चित्रात भर घाला, असं टीव्हीच्या कॉमेंटेटरला शिकवतात आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. पण मग ज्याला चित्र दिसत नाही त्याच्या वाट्याला नुसती भर येते. ‘काय फटका आहे’, ‘हे बघा’, ‘इथे बघा त्याचं डोकं’ आणि मग रिप्ले, आणि मला अजून चौकार गेला की कॅच झाला तेच माहीत नाही. बरं, आता बऱ्याच ठिकाणी रेडिओ म्हणून टीव्हीचाच आवाज लावून देतात, ते तर अगदीच अन्यायाचं आहे. रेडिओचा माणूस वेगळा हवा, त्याची तयारीच वेगळी असते.

मैदानात गेलं की दुसरी अडचण. मला स्टेडियममध्ये जायला फार आवडतं, तिथला आवाज चारी बाजूंनी येतो, फटका मारल्यावर गर्दीचा श्वास कुठल्या कोपऱ्यात आधी अडकतो त्यावरून बॉलची दिशा कळते, शंभर मीटरवर बसलो असलो तर बॅटचा आवाज पाव सेकंदाहून थोडा उशिरा येतो आणि शेजारच्याचं ‘अरे’ त्याच्या आधी येतं. पण कोण बॅटिंग करतंय, फिल्ड कशी आहे हे समजायला कानात कॉमेंट्री लागते. ती अॅपवर लावली तर अर्धा मिनिट मागे असते कारण नेटवरचा आवाज छोट्या तुकड्यांत भरून, साठवून मग पाठवतात. आजूबाजूला हजारो लोक उड्या मारतायत आणि कानात बॉलर अजून रनअपकडे चाललाय, मग कॉमेंट्री असून नसल्यासारखी. साध्या रेडिओला हा त्रास नव्हता. मैदानापुरता छोटा एफएम ट्रान्समीटर बसवून तिथल्या तिथे कॉमेंट्री दिली तर हा प्रश्न मिटतो, आणि त्यात नवीन शोध लावण्यासारखं काही नाही, परदेशात कितीतरी स्टेडियममध्ये असे छोटे रिसीव्हर आणि हेडफोन देतात.

खास अंध आणि कमी दिसणाऱ्यांसाठीची वर्णनाची कॉमेंट्रीही असते. युरो २०१२ मध्ये पोलंड आणि युक्रेनमधल्या स्टेडियमवर ती दिली होती, पुढे २०१४ च्या फुटबॉल वर्ल्डकपला ब्राझीलमध्ये आणि २०२२ ला कतारमध्येही. त्यात सांगणाऱ्याला शिकवलेलं असतं की बॉल मैदानात कुठे आहे ते सतत सांग, खेळ चालू असताना जुने आकडे आणि किस्से नकोत, कोच कडेला हात आपटतोय, प्रेक्षकांनी मोठा झेंडा उलगडलाय, गोलकीपर खाली बसलाय, म्हणजे दिसतं पण ऐकू येत नाही ते सगळं सांग. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये आणखी वेगळा प्रयोग झाला, बॉलचा माग काढणारे कॅमेरे असतात त्यांची माहिती आवाजात बदलली, बॉल डावीकडून उजवीकडे जाताना हेडफोनमध्येही तसाच जातो आणि रेषेच्या किती जवळ पडला ते बीपवरून कळतं. शिवाय बोटांखाली मैदानाचा उठावदार आकार आणि त्यावर बॉलबरोबर सरकणारा ठिपका अशी पाटीही आलीये. मला स्वतःला अजूनही चांगल्या माणसाचा आवाज जास्त आवडतो, तरी हे सगळं यावं, प्रत्येकाला काय सोयीचं ते ज्यानं त्यानं निवडावं.

आणि ज्यांना ऐकण्याचा खेळ खरंच अनुभवायचाय त्यांनी एकदा गोलबॉल किंवा ब्लाइंड फुटबॉलची मॅच बघायला जा, शक्य असेल तर थोडा वेळ डोळे मिटून. गोलबॉल १९४६ मध्ये युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी सुरू झाला, सव्वा किलोचा घुंगरांचा बॉल, तीन-तीन खेळाडू, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, खेळ चालू असताना प्रेक्षकांनी एकदम शांत राहायचं आणि गोल झाल्यावरच ओरडायचं. ब्लाइंड फुटबॉलमध्ये बॉल खुळखुळतो, बॉलवर जाणाऱ्यानं ‘व्हॉय’ असं ओरडावंच लागतं नाहीतर फाउल, गोलच्या मागे उभा असलेला गाइड दिशा सांगतो. हा खेळ २००४ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे, सुरुवातीची पाचही सुवर्णपदकं ब्राझीलनं जिंकली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये आयफेल टॉवरशेजारी फ्रान्सनं अर्जेंटिनाला पेनल्टीवर हरवून ती साखळी तोडली. अंधांचं क्रिकेट तर १९२२ पासून आहे, मेलबर्नच्या एका कारखान्यातल्या कामगारांनी डब्यात खडे घालून सुरू केलं होतं आणि पहिला वर्ल्डकप १९९८ मध्ये नवी दिल्लीत झाला. बॉलर आधी ‘रेडी’ विचारतो, बॅट्समन ‘येस’ म्हणतो आणि बॉल सोडताना बॉलर ‘प्ले’ म्हणतो, पूर्ण अंध बॅट्समनची प्रत्येक रन दुप्पट धरतात. या मॅचच्या बातम्या तुमच्या पानावर निकालाच्या दोन ओळींपेक्षा मोठ्या याव्यात असं मनापासून वाटतं, कसे खेळले ते लिहा ना, नेहमीच्या खेळांसारखं.

२०२० मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये मॅच झाल्या तेव्हा टीव्हीवाल्यांनी गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज लावला होता, काही ठिकाणी तो चालू-बंद करायची सोय होती. म्हणजे आवाजाचे वेगवेगळे ट्रॅक देता येतात हे तेव्हाच सिद्ध झालं. मग आता एक ट्रॅक नुसत्या मैदानाचा, एक पूर्ण वर्णनाचा आणि एक नेहमीचा असे तीन द्यायला काय हरकत आहे? आणि ते बदलायचं बटण अॅपमध्ये अशा ठिकाणी ठेवा की फोनच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीला, ते वाचता येईल, नाव नसलेलं बटण आम्हाला नुसतं ‘बटण’ असं ऐकू येतं.

वाचकांना शेवटी एक सांगायचंय, तुमच्याबरोबर मॅचला न दिसणारं कुणी आलं तर संकोच करू नका, बोला. आधी बसल्यावर मैदान सांगा, आपण कुठल्या बाजूला आहोत, कोण कुठल्या रंगात आहे, ऊन कुठून येतंय. मग बॉल कुठे, कुणाकडे, आणि काय झालं, याच क्रमानं. तुमचं ‘अरे अरे’ आणि ‘गेला गेला’ आम्हाला हवंच असतं, ते दाबू नका, फक्त त्याच्यानंतर लगेच काय गेलं ते सांगा. सगळा वेळ बोलायची गरज नाही, मधल्या वेळात आम्ही गर्दी ऐकत असतो. आणि दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणा, अंदाजानं सांगू नका, रिप्लेनंतर सांगितलं तरी चालतं.

आपला नम्र,
एक नियमित श्रोता